अण्णा आणि डेथ मेटल

विष्णुपुरीला एसजीजीएसच्या होस्टेलवर होतो तेव्हाची, २००४ ची गोष्ट. रविवारची दुपार. असेंबल केलेल्या पीसीवर फुल्ल आवाजात मेटल चालू, आणि दारात अण्णा! हातात धपाट्यांचा डबा.

अण्णा शाळेत संस्कृत शिकवायचे, सप्ताहात प्रवचनं करायचे. मी माउसकडे झेप घेतली.

"राहू दे. काय म्हणायलाय रे हा?"

मला सांगता येईना. वर्षभर रोज ऐकत होतो, पण शब्द कधी वाचलेच नव्हते.

"म्हणजे तो ओरडायलाय अन् तू नुसती मान हलवायलास," एवढंच बोलून त्यांनी डबा उघडला. रागावले असते तर बरं झालं असतं. हे मात्र लागलं.

पुढे पुण्यात नोकरी लागली. तिथे एका मित्राने सिंगापूरच्या 'रुद्र' बँडची सीडी दिली. १९९२ मध्ये सुरू झालेला हा बँड. त्यांच्या संगीताला 'वेदिक मेटल' म्हणतात. गाणारा आणि बेस वाजवणारा कथिर हा वेदान्ताचा अभ्यासक. नावापुरता त्रिशूळ-डमरू लावणारा नव्हे. उपनिषदांतला विचार थेट गाण्यात आणणारा. २००५ मधल्या त्यांच्या अल्बमचं नावच 'ब्रह्मविद्या'. या वेळी मी आधी शब्द वाचले, प्रिंट काढली आणि दिवाळीला घरी घेऊन गेलो.

अण्णांनी चष्मा लावला. 'भगवत्पाद नमस्कार' या नावाशीच थांबले.

"हे तर शंकराचार्यांना वंदन आहे. लाव बरं."

लावलं. ड्रम सुरू झाले तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. अण्णा मात्र कागदावर बोट ठेवून ऐकत राहिले.

संपल्यावर म्हणाले, "चाल मला झेपायची नाही. पण माणूस वाचून उभा राहिलाय." मग आपल्याकडच्या, उमरीजवळच्या गोरट्याच्या दासगणू महाराजांचा विषय निघाला. आधी पोलिसात होते, लावण्या रचायचे, तमाशाचा नाद होता. पुढे संतचरित्रं लिहिली आणि कीर्तनात उभे राहून गायिली. "बोर्डावर उभं राहायची हौस तीच," अण्णा म्हणाले, "खाली पाया घातला अभ्यासाचा."

मला वाटलं, झालं, जिंकलो आपण :)

निघताना बॅगेत काहीतरी जड लागलं. अण्णांनी स्वतःची उपनिषदांची प्रत घातली होती, पेन्सिलीच्या खुणांसकट. म्हणाले, "त्यानं वाचलंय. मीही थोडंफार वाचलंय. आता राहिलं कोण?"

ही प्रत तेव्हापासून माझ्या डेस्कवर आहे. नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, रुद्रचे पुढचे अल्बमही ऐकून झाले. परवा हिशोब केला, इतक्या वर्षांत पानं झाली अकरा.

असो. आज रविवार आहे. आधी बारावं पान, मग हेडफोन.