मुलींच्या हाती दोर

फौजी माणूस फील्डवर गेला की मागे घर चालवतात त्या बायका. गॅस संपतो, फ्यूज उडतो, मुलाला रात्री दोन वाजता ताप भरतो आणि नवरा तेव्हा अशा ठिकाणी असतो, जिथून फोन लागला तर नशीब. त्या सगळं निभावतात. पण ही कामं त्या शिकतात वेळ आल्यावर, घाबरत, शेजारणीला विचारत. मला नेहमी वाटायचं, हे आधीच का शिकवू नये? मुलगी दहा-बारा वर्षांची असते तेव्हा हातांना सगळंच करून बघायचं असतं.

पिथौरागढच्या पोस्टिंगमध्ये तशी संधी मिळाली. कुमाऊंचा डोंगराळ मुलूख. आसपासच्या गावांतल्या बायका कमरेला विळा खोचून बांजाच्या झाडावर सरसर चढतात आणि गुरांसाठी पाला उतरवतात. आमच्या क्वार्टर्समधल्या मुली मात्र सुट्टीत टीव्हीपुढे. मग दर शनिवारी सकाळी एक वर्ग सुरू केला. वय नऊ ते पंधरा, मुली अकरा. त्यात आमचीही एक.

पहिले दोन शनिवार फक्त गाठी. सारख्या जाडीचे दोन दोर जोडायला रीफ नॉट, खांबाला दोर बांधायला क्लोव्ह हिच, आणि न सरकणारा फास हवा असेल तर बोलाइन. एकीने घरी जाऊन आईची तुटलेली कपड्यांची दोरी जोडली आणि पुढच्या शनिवारी ते सगळ्यांना सांगितलं. माझ्या दृष्टीने वर्ग तिथेच पास झाला.

मग नकाशा. एकास पन्नास हजारच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, हे कळल्यावर पोरींनी शाळेपासून बाजारापर्यंत सगळं मोजून काढलं. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, हे तर त्यांच्या पायांना आधीच ठाऊक होतं. रात्री सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर पाचपट पुढे नेऊन ध्रुव शोधला. एका शनिवारी जिप्सीचं चाक बदललं. जॅक लावण्याआधी नट सैल करायचे आणि घट्ट करताना समोरासमोरचे करायचे, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. ताकद कमी पडली की पान्यावर पाय देऊन उभं राहायचं, ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधली.

खरी कसोटी रॅपलिंगची. साधारण तीस फुटांचा कातळ होता. वर दोन वेगवेगळे अँकर, डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस आणि शिकवायला माउंटेनिअरिंगचा कोर्स केलेला हवालदार. आदल्या दिवशी एक नाईक मला भेटायला आला. महिन्याभरात तो फील्डवर निघणार होता. म्हणाला, "साब, लडकी है. गिर गई तो? कल शादी भी करनी है." त्याची भीती खोटी नव्हती. पुढची दोन वर्षं तो तिच्याजवळ नसणार, हेही त्या भीतीत होतंच. मी त्याला म्हटलं, "कल आ जाओ. नीचे की रस्सी तुम पकडना."

खालचा दोर धरणाऱ्याचं काम सोपं आणि महत्त्वाचं. वरून येणाऱ्याचा हात सुटला तर दोर ताणायचा, की तो जागीच थांबतो. एरवी दोर सैल ठेवायचा. पोरगी कड्यावरून मागे झुकली आणि बापाने दोर असा ताणला की ती अर्ध्यावर लटकली. खाली येईना, वर जाता येईना. दोन मिनिटांनी वरून ओरडली, "पापा, ढील दो ना!" सगळे हसले. तो हसला नाही. हळूहळू दोर सैल करत गेला. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "एक बार और." दुसऱ्या खेपेला त्याने दोर बरोबर धरला.

तो वेळेवर फील्डवर गेला. तिकडून त्याचा फोन आला की तो बायकोला हमखास विचारायचा, शनिवारी काय झालं?

याच उत्तराखंडच्या बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. आम्ही खडकवासल्याला होतो तेव्हा एनडीएत एकही मुलगी कॅडेट नव्हती. २०२२ मध्ये पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी तिथून पास आउट झाल्या. पण माझ्या अकराजणींपैकी कुणी फौजेत यावंच, असा माझा आग्रह नाही. अंधारात फ्यूज बदलताना हात थरथरू नये, अनोळखी गावात दिशा कळावी, पाण्यात पडली तर तरता यावं, एवढं पुरे.

वाचकांमध्ये निवृत्त फौजी बरेच आहेत, म्हणून सांगतो. आपल्याला हे सगळं सरकारने शिकवलं. गावी परतल्यावर ते विसरून जाऊ नका. दहा मीटर दोर आणि एक शनिवार सकाळ एवढंच भांडवल लागतं. सुरुवात गाठींपासून करा. पोहायला आणि कातळावर मात्र जाणकार माणूस आणि पूर्ण साहित्य असल्याशिवाय नेऊ नका. आणि मुलीच्या बापाला सोबत बोलवा. खालचा दोर त्याच्याच हातात द्या.

जय हिंद.