निळं पाणी

घर घेतलं तेव्हा नकाशात अंगणाच्या कोपऱ्यात एक गोल काढलेला होता. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा. गच्चीवरून जाड पाइप खाली आलेला, वर सिमेंटचं झाकण. बांधणाऱ्याने सांगितलं, सगळं पाणी बोअरभोवती मुरतं. तीन पावसाळे मी आल्यागेल्याला ते झाकण कौतुकाने दाखवलं.

हुबळीचं पाणी म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. मलप्रभेचं पाणी नविलुतीर्थच्या धरणातून यायचं, नीरसागर तलाव तळाला गेलेला, आणि आठ-दहा दिवसांनी गल्लीत ‘नीरु बंतु’, पाणी आलं, असं ऐकू आलं की हातचं टाकून धावायचं. बोअरचं पाणी मचूळ, साबणाला फेस नाही.

त्या मे महिन्यात दुसरा टँकर मागवला आणि त्याच संध्याकाळी वळीव कोसळला. आमच्या गेटपाशी गटार नुसतं उसळत होतं. एवढं पाणी कुणाचं?

सकाळी बादलीत नीळ कालवली, गच्चीच्या पाइपात ओतली. मुलगा गेटपाशी उभा होता. “आई, आलं!” गटारात निळं पाणी.

झाकण उचललं. आत हातभर खोल विटांची पेटी. खडी नाही, वाळू नाही. एका बाजूने पाइप आत, दुसऱ्या बाजूने थेट गटारात. आणि तळाला गिलावा. गुळगुळीत, थापीने घोटलेला. खड्डा केला नाही हे मी समजू शकते, पैसे वाचवले असतील. पण थेंबही मुरू नये म्हणून कुणीतरी उकिडवं बसून तो तळ घोटला! आजही तो गिलावा आठवला की डोकं तापतं. बांधणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, “अक्का, नकाशा पास व्हायला दाखवावंच लागतं. सगळीकडे असंच.”

गटाराकडचं तोंड बुजवलं. पाइपला खडी, कोळसा, वाळूचा ड्रम जोडून पाणी संपमध्ये, जमिनीखालच्या टाकीत घेतलं. पहिल्या पावसाचं पाणी गच्ची धुऊन सोडून द्यायचं, पुढचं साठवायचं. हजार चौरस फुटांवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर. धारवाडकडे वर्षाला ७००-८०० मिलिमीटर तरी पडतो. सासूबाई धारवाडात माळमड्डीच्या कौलारू घरात पागोळ्यांखाली घंगाळ ठेवायच्या, त्या पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणायच्या. मला ते जुनाट वाटायचं. आता आमची डाळ त्याच पाण्यात शिजते.

प्रत्येक घराला हे सक्तीचं करा, असं मीच पूर्वी तावातावाने म्हणायची. आता म्हणवत नाही. सक्तीने असले गिलाव्याचे खड्डेच वाढतील. नकाशा तपासणाऱ्याने बादलीभर पाणी घेऊन गच्चीवर चढावं, मगच सही करावी.

तुमच्याकडेही असं झाकण असेल तर पावसाची वाट पाहू नका. दहा रुपयांची नीळ आणा, गच्चीत ओता आणि गटारापाशी जाऊन उभे राहा.