बारा पौंडांचा पाहुणा

ज्या घरांत १९ वर्षांत अंडें देखील कधीं फुटलें नाहीं, त्या घराच्या तळघरांत, गेल्या नोव्हेंबरांतल्या एका बुधवारीं रात्रीं, मी स्टुलावर बसून एका गोठलेल्या टर्की पक्ष्यास दर अर्ध्या तासानें थंड पाण्याचें स्नान घालीत होतों. माझ्या आजोबांनीं हें दृश्य पाहिलें असतें तर त्यांना आधीं काय आलें असतें, संताप कीं कींव, याचा मीं त्या रात्रीं पुष्कळ विचार केला. विचारास वेळ भरपूर होता. पौंडास अर्धा तास या हिशेबानें १२ पौंडांच्या पक्ष्यास सहा तास लागतात.

हा प्रसंग ओढवला तो शेजारच्या वृद्ध बाईंमुळें. बॉस्टनच्या दक्षिणेस असलेल्या या लहानशा गांवीं आम्ही राहावयास आलों, त्या वर्षीं 'थँक्सगिव्हिंग' हा कोणत्या देवाचा सण, हेंहि आम्हांस धड ठाऊक नव्हतें. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. दुकानें बंद, रस्ते ओस, आणि घरांत मुलाला दूध नाहीं. मी भांडें घेऊन शेजारीं गेलों, तों बाईंनीं आम्हां तिघांनाहि जेवावयास ठेवून घेतलें. आम्ही मांस खात नाहीं हें ऐकून त्या जरा गोंधळल्या, आणि बटाटे, रताळीं व पाव यांवर आमची बोळवण झाली. पण पुढल्या वर्षापासून त्यांच्या ओट्यावर एक निराळें भांडें दिसूं लागलें. पक्ष्याच्या पोटांत पावाचें जें सारण भरतात, तें आमच्यासाठीं त्या भाज्यांच्या पाण्यांत भिजवून वेगळें भाजीत. आणि त्या भांड्यांतल्या डावाच्या दांड्याला लाल लोकरीचा दोरा बांधलेला असे, म्हणजे तो डाव चुकूनहि दुसऱ्या पातेल्यांत जाऊं नये. याविषयीं त्या कधीं चकार शब्द बोलल्या नाहींत. त्या दोऱ्याचा अर्थ आमच्या ध्यानांत यावयासच तीन वर्षें लागलीं.

गेल्या वर्षींच्या प्रारंभीं बर्फावरून घसरून बाईंचें मनगट मोडलें. हाड सांधलें, परंतु हातांतली ताकद परत आली नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीस कुंपणापाशीं उभ्या राहून त्या सहज म्हणाल्या, "यंदां जेवण नाहीं. तो पक्षी मला आतां भट्टींतून उचलवत नाहीं." मीं ताबडतोब उत्तर दिलें, "मग यंदां तुम्ही आमच्याकडे या. सगळें तुमच्या पद्धतीनें करूं." 'सगळें' या शब्दांत काय काय येतें, हें माझ्या लक्षांत आलें तेव्हां मी आमच्या दारापर्यंत पोंचलों होतों.

सौ.नें बातमी ऐकून घेतली आणि ओटा पुसावयास घेतला. आमच्या घरीं ओटा पुसणें हें एक उत्तरच असतें. रात्रीं तिनें फणस सुचविला, पनीर सुचविलें. तें मलाहि पटत होतें; बाईंनीं तेंहि आनंदानें खाल्लें असतें यांत शंका नाहीं. पण आनंदानें खाल्लें असतें, हीच तर अडचण होती! तिढा सुटला तो आईमुळें. ती त्या वेळीं पुण्याहून आमच्याकडे आली होती. वय ८२, कांदालसूणहि न खाणारी. ती सुनेला म्हणाली, "अगं, त्या बाईनं इतकीं वर्षं तुमचं सोवळं सांभाळलं. एक दिवस तिचं ओवळं आपल्याला सांभाळतां येणार नाहीं का? माझे देव तेवढे वरच्या खोलींत ने, म्हणजे झालं." देव वर गेले, आणि पक्षी तळघरांत आला.

आतां, जें करावयाचें तें समजून करावें या जुन्या खोडीनें मीं या सणाचीं पुस्तकेंहि चाळलीं. १६२१ सालीं प्लिमथ येथें इंग्रज वसाहतवाल्यांनीं पहिलें पीक घरांत आल्यावर मेजवानी केली. मॅसासॉइट हा वांपानोआग लोकांचा प्रमुख सुमारें ९० माणसें घेऊन आला, आणि त्या पाहुण्यांनींच पांच हरणें मारून आणलीं. त्या वेळच्या एका वसाहतवाल्याच्या पत्रांत पक्ष्यांची शिकार केल्याचें लिहिलें आहे; पण टर्कीचें नांव त्यांत नाहीं. पाहुण्यांच्या वंशजांचें पुढें जें झालें तें सर्वश्रुत आहे. १९७० पासून या दिवशीं त्याच प्लिमथला मूळ रहिवासी जमून शोक पाळतात. आमच्या गांवाहून तें ठिकाण फार दूर नाहीं. मेजावर हात जोडतांना हें आठवतें, आणि आठवावें असेंच आहे. राष्ट्रीय सण म्हणून याला रूप आलें तें १८६३ सालीं, लिंकनच्या जाहीरनाम्यानें. त्यापूर्वीं सेरा हेल नांवाच्या एका संपादिकेनें वर्षानुवर्षें पत्रें लिहून राज्यकर्त्यांचा पिच्छा पुरविला होता. चौथा गुरुवार कायद्यानें ठरला तो १९४१ सालीं.

पण मला खरी गंमत वाटली ती पक्ष्याच्या नांवाची. इंग्रजांनीं याला तुर्कस्तानचा ठरविला, आणि तुर्क मंडळी याला 'हिंदी' म्हणतात! वास्तविक तो पडला अमेरिकेचा. आपल्याकडेहि तो नवखा नाहीं. १६१२ च्या सुमारास गोव्याहून जहांगीर बादशहाकडे एक टर्की पाठविण्यांत आला, आणि बादशहानें तो इतका अपूर्व मानला कीं मन्सूर या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें. सौ.ला मीं हें उत्साहानें सांगितलें. ती म्हणाली, "चित्रच काढलं ना? शहाणा होता."

मात्र एवढ्या वाचनांत एक साधी गोष्ट वाचावयाची राहिली. गोठलेला पक्षी शीतकपाटांत ठेवून मऊ होण्यास दर चार-पांच पौंडांमागें एक दिवस लागतो. म्हणजे १२ पौंडांना तीन दिवस. मीं तो कपाटांत ठेवला मंगळवारीं रात्रीं. बुधवारीं रात्रीं नऊ वाजतां बोटानें दाबून पाहिला, तर पाटावरवंटा बरा. शेवटीं लाज सोडून बाईंना दूरध्वनि केला. त्या खूप हंसल्या, मग म्हणाल्या, "थंड पाणी. दर अर्ध्या तासानें बदला. गरम पाणी घ्यावयाचा मोह झाला तरी घेऊं नका, बाहेरून नासेल. आणि पोटांत एक पिशवी असते, ती विसरूं नका."

अशा रीतीनें माझा जागर सुरू झाला. कोजागिरीची रात्र मीं कधीं इतक्या निष्ठेनें जागविली नव्हती. दोन वाजतां जिन्यावर पावलें वाजलीं. दोन आठवडे या वस्तूकडे नजर न टाकलेली सौ. चहाचा पेला घेऊन खालीं आली, आणि थोडा वेळ दारांतच उभी राहिली.

"उठा, जरा पडा," ती म्हणाली. "पुढचं पाणी मी बदलतें."

"तुला जमेल?"

"पाणीच बदलायचं ना?" तिनें बाह्या वर केल्या, तोंड जरा फिरवून हात आंत घातला. मग म्हणाली, "किती गार आहे हो!" त्या उद्गारांत किळस होती, हें खरें, पण तान्ह्या मुलाचें अंग पाहावें तशी थोडी काळजीहि होती. "ती पिशवी मात्र तुम्हीच काढा." मी वर गेलों नाहीं. दुसरें स्टूल आणलें.

सकाळीं ३२५ अंश फॅरनहाइटवर पक्षी भट्टींत गेला. मांडीच्या आंत खुपसलेल्या उष्णतामापकानें १६५ दाखविले कीं झाला, असा नियम. तीन तासांहून अधिक वेळ तो वास घरभर फिरत होता. आईनें वरचें दार लावून घेतलें आणि उदबत्ती लावली. तिला दोष कोण देईल? सौ.नें क्रॅनबेरी शिजविली. १२ औंस फळें, पेलाभर साखर, पेलाभर पाणी. फळें मोहरीसारखीं तडतडून फुटलीं आणि थंड होतांच रस आपोआप घट्ट झाला, तेव्हां ती मनापासून खूष झाली व नियम सोडून तिनें त्यांत आलें व तिखट घातलें. भोपळ्याच्या पायऐवजीं आईनें आदल्या दिवशींच घारगे करून ठेवले होते. तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेचाच, हें मीं तिला सांगितलें. तिनें तें साफ नाकारलें.

अडीच वाजतां पानें मांडलीं. मीं पाहिलें, पक्ष्याच्या रश्श्यांत ठेवलेल्या डावाला लाल दोरा बांधलेला होता. सौ.नें तो केव्हां बांधला, कोण जाणे.

तीन वाजतां घंटा वाजली. बाई दारांत उभ्या होत्या. निळा पोषाख, केस नीट विंचरलेले, आणि मोडक्या हाताचा आधार देऊन दुसऱ्या हातानें छातीशीं धरलेलें एक लहान झांकलेलें भांडें. कांहींहि आणूं नका म्हणून मीं दोनदां बजावलें होतें.

"हें तुमचें, वेगळें केलेलें," त्या म्हणाल्या, आणि पायरी चढतां चढतां माझ्याकडे रोखून पाहात त्यांनीं विचारलें, "पिशवी काढलीत ना?"