पाण्याचा पासवर्ड

कचेरी म्हटली की तिच्यापुढं हिरवळ ही हवीच. त्या हिरवळीवर कुणी बसत नाही, कारण 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी तिथं असते. पाटी वाचायलाही कुणी जात नाही, कारण ती हिरवळीच्या बरोबर मधोमध असते. तरीसुद्धा, वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर झाला म्हणायचं, अशा आमच्या मुलखात साहेबांच्या खिडकीतून बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे, हा नियम कुठंही लिहिलेला नसताना इमानेइतबारे पाळला जातो.

आमची मुख्य कचेरी शिरूरला आणि शाखा दौंडला. मी शिरूरचा हेडक्लार्क, म्हणून सगळे मला 'भाऊसाहेब' म्हणतात. गेल्या वर्षी वरून आदेश आला, की दोन्ही ठिकाणच्या बागांना 'स्मार्ट' पाणीयंत्रं बसवावीत. स्मार्ट हा शब्द आमच्याकडे आजवर फक्त इस्त्रीची पँट घालणाऱ्या नव्या कारकुनासाठी वापरला जाई. आता तो नळाला लागला.

यंत्र आलं. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यातून निघालेल्या वायरी पाइपांवरच्या व्हॉल्व्हना जोडायच्या आणि एक काटा मातीत खोचायचा. माती कोरडी झाली की काटा पेटीला सांगणार, पेटी इंटरनेटवर पावसाचा अंदाज बघणार, आज पाऊस नाही अशी खात्री करून घेणार आणि मगच व्हॉल्व्ह उघडणार. आमची हिरवळ वीस फूट बाय तीस फूट. तिला पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे पावणेतीनशे लिटर. एवढ्या पाण्यासाठी थेट उपग्रहाला विचारायचं, म्हणजे पाव किलो भेंडी आणायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढण्यासारखं आहे. पण आदेश म्हणजे आदेश.

पेटी भिंतीला ठोकली, दिवा लुकलुकू लागला आणि घोडं अडलं ते वाय-फायपाशी.

आमच्या कचेरीच्या वाय-फायची एक शिस्त आहे. आत येणाऱ्यानं आपलं नाव, कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड सांगायचा. पेटीला नाव नव्हतं, कर्मचारी क्रमांक तर नव्हताच आणि पासवर्ड टाइप करायला बोटंही नव्हती. 'पाहुण्यांचं' म्हणून दुसरं नेटवर्क आहे, तिथं प्रयत्न केला. तिथं पाहुण्याला आधी अटींचं एक पान दिसतं आणि 'मला मान्य आहे' यावर टिचकी मारावी लागते. पेटी ते पान कसं वाचणार? अर्थात, ते पान आजवर एकाही माणसानं वाचलेलं नाही. पण माणसं निदान खोटी टिचकी मारू शकतात.

शेवटी पुण्याहून संगणकवाला मुलगा आला. पाठीला पिशवी, कानात बोंड आणि चेहऱ्यावर शल्यचिकित्सकाची शांतता. त्यानं निदान सांगितलं, "सर, तुमचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरी ५. दोन्हींना नाव मात्र एकच दिलंय. ही पेटी फक्त २.४ वालीच ऐकते. तुमचा फोन जाऊन बसलाय ५ वर, त्यामुळं जोडणी करताना दोघांची चुकामूक होतेय."

"मग दोन्ही पट्ट्या कशाला ठेवल्या?"

"५ वाली वेगवान, पण भिंतीपलीकडं लवकर दमते. २.४ वाली हळू, पण लांबवर जाते. बागेत पोचायला हीच बरी."

मला हे एकदम पटलं. आमच्या कचेरीतही वेगवान माणसं केबिनच्या भिंतीबाहेर दिसत नाहीत. गावभर पोचतो तो सावकाश चालणारा शिपाईच.

"मग द्या की तिला आपल्याच नेटवर्कवर जागा," मी म्हणालो. "पगारपत्रकांशेजारी बसेल बिचारी."

मुलानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू देवघरात चप्पल घालून शिरलो होतो. मग त्यानं मला जगाच्या गोष्टी सांगितल्या. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रॅमनं लोकांच्या घराघरांतले कॅमेरे आणि राउटर फितवले. त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते, कुणी बदललेच नव्हते. त्या फितूर फौजेनं अमेरिकेत असा गोंधळ घातला, की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी दुकानं काही तास लोकांना उघडेनात. पुढं २०१७ साली तर उत्तर अमेरिकेतल्या एका जुगारगृहात चोर शिरले ते चक्क माशांच्या टाकीतून. टाकीच्या पाण्याचं तापमान बघणारं यंत्र नेटवर्कला जोडलेलं होतं, तेवढी फट त्यांना पुरली.

माशाच्या टाकीतून जुगारगृह लुटता येत असेल, तर हिरवळीच्या काट्यातून आमची पगारपत्रकं जायला कितीसा वेळ? तशी ती चोरून कुणाच्या हाती काही लागणार नाही. चोराला दया येऊन तोच काही टाकून गेला तर गोष्ट वेगळी. पण तत्त्व म्हणून मी गप्प बसलो.

मुलानं मग तिसरं नेटवर्क काढलं. त्याची रचना मला लगेच समजली, कारण ती आपल्या जुन्या वाड्यासारखीच होती. ओळखपाळख नसलेल्यानं ओसरीवर बसावं. तिथं त्याला पाणी मिळेल, गूळ मिळेल, रस्त्यावरची वर्दळ बघता येईल; पण माजघरात पाऊल टाकायचं नाही. पेटी ओसरीवर बसली. तिला बाहेरचं इंटरनेट दिसतं, आतले संगणक दिसत नाहीत. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. पेटीच्या अंगावर गोंदलेला बारा अक्षरी क्रमांक वहीत उतरवला. मग अर्जावर तीन सह्या झाल्या : माझी, लेखापालांची आणि साहेबांची. पाणी सुटलं.

आता दौंडची शाखा राहिली. न्हावरे, पारगाव, चौफुला करत आम्ही तिथं पोचलो. दौंडच्या मंडळींचा मला नेहमी हेवा वाटतो. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं तिथं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं जाई. आता कॉर्ड लाइन झाली, पण त्या थांब्यानं अंगी बाणलेली शांती गावानं सोडलेली नाही. पेटी तीनदा बंद करून चालू करावी लागली, तर तिथले हेडक्लार्क म्हणाले, "निवांत होऊ द्या भाऊसाहेब, इंजिन फिरतंय."

या सगळ्या खटाटोपात एक माणूस रोज बाजूला उभा राहून बघत होता. आमचे माळीमामा. बागेला पाणी घालणं हे त्यांचं काम, तेव्हा पेटी आल्यावर मामांचं काय, हा प्रश्न कचेरीत सगळ्यांच्या मनात होता आणि तोंडावर कुणाच्याच नव्हता. मामांच्या मनात निराळाच प्रश्न होता.

"भाऊसाहेब, ह्या पेटीला पानी सोडाया काय काय लागतं?"

"नेटवर्क लागतं, मामा."

"मला बॅटरी आन् काठी लागती," मामा म्हणाले.

मामांची घोड नदीच्या काठाला दीड एकर जमीन आहे, निम्म्याहून जास्त ऊस. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज देण्यासाठी सौर वाहिनीची योजना २०१७ पासून चालू आहे, काही गावांना ती पोचलीही. मामांच्या डीपीपर्यंत अजून पोचायची आहे. तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात बाराला लाइट आली, की मामा उठून नदीवर मोटार चालू करायला जाणार. आणि त्या उसात बिबट्या राहतो. हा विनोद नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्यात लेकरंही होती.

"मामी काय करतात तोवर?"

"मोटरीचा आवाज आला की तिला कळतं, मी पोचलो. मग मी माघारी येस्तोवर बसती दारात."

म्हणजे आमच्या पावणेतीनशे लिटरसाठी उपग्रह जागा, आणि मामांच्या दीड एकरासाठी मामी.

पुण्याचा मुलगा हे ऐकत होता. त्यानं कानातलं बोंड काढलं. आठ दिवसांत हे त्यानं प्रथमच केलं. म्हणाला, "मामा, तुमच्याकडं वाय-फाय नाही पोचणार. पण त्याची गरजच नाही. मोबाइल स्टार्टर बसवा."

हे यंत्र तसं नवं नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावानं असंच यंत्र केलं आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहून ते सुचलं, असं ते सांगतात. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवायचं. घरून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. लाइट आली, गेली, एखादी फेज उडाली, तर तेही यंत्र कळवतं. पूर्वी लोक 'ऑटो' लावून ठेवत. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण गावातल्या सगळ्याच मोटारी एका दमात सुरू झाल्या, की डीपीच बसायचा. शिवाय पाइप फुटला असला, तरी ऑटो बिचारा रात्रभर रस्त्यालाच पाणी पाजत राहायचा.

मामांनी दोन दिवस विचार केला. मग कचेरीतून उचल मागितली. त्या अर्जावर तीन सह्या मीच फिरून घेतल्या, आणि सांगायला हरकत नाही, की पेटीच्या अर्जापेक्षा लवकर मिळाल्या.

आता सगळं सुखाचं झालं असं नाही. मोटार फोनवर चालू होते, पण सरीतलं पाणी फोनवर वळत नाही. दारं धरायला माणूसच लागतो. निम्म्या उसाला ठिबक आहे, तेवढा घरबसल्या भिजतो. उरलेला मामा दिवसपाळीच्या आठवड्यात भिजवतात. मध्ये एकदा मोटार हलेचना. फेज बघितली, फ्यूज बघितला, आणि शेवटी कळलं की मोटरीचं रिचार्ज संपलं होतं.

"मामा, तुमच्या यंत्रात घुसखोर शिरला तर?" मी विचारलं. आता मला नेटवर्कच्या सुरक्षेतलं बरंच कळतं.

"तीन नंबर लिवलेत त्यात. चौथ्याचा फोन ती घेतच न्हाई. एक माझा, एक पोराचा, आन् एक हिचा."

"मग मोटार चालू कोण करतं?"

"हीच करती. फोन उशाला घिऊन निजती. लाइट आल्याचा फोन वाजला की एक बटन दाबती आन् कूस बदलती."

"आणि तुम्ही निवांत झोपता?"

मामा बागेकडं बघत हसले. "कुठलं वो. बाराला जाग येतीच. तीस वर्साची सवय. उठतो, बॅटरी हुडकतो, मग ध्यानात येतं. मग दारात हुबं राहून मोटरीचा आवाज आयकतो घटकाभर. लई बरं वाटतं."