फी

मृग लागायच्या सुमारास आमच्या ओसरीवर दरवर्षी कुणीतरी एकच प्रश्न घेऊन येते : पोराला वकिलीला घालावे का? आम्ही वकिली सोडून पंचवीस वर्षे होऊन गेली. नागपूर खंडपीठात जाणाऱ्या अपिलांच्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करून आमचा चरितार्थ चालतो. तरीही 'वकीलसाहेब' ही उपाधी गावाने अद्याप काढून घेतलेली नाही आणि तिच्याच भरवशावर हा सल्ला मागितला जातो. आजवर आम्ही गुळमुळीत उत्तरे देऊन सुटत आलो. यंदा मात्र मूर्तिजापूरहून आमची सख्खी बहीण आली, सोबत भाची. घरच्या माणसाला गुळमुळीत उत्तर देता येत नाही.

भाची अकोल्याहून बी.ए. झालेली. राज्याची विधी सीईटी तिने दिली होती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अमरावतीच्या अनुदानित महाविद्यालयात जागा मिळण्याजोगे गुण होते. दुसरीकडे पुण्याच्या एका खाजगी संस्थेचे रंगीत माहितीपत्रक होते. बहिणीने दोन्हीकडच्या खर्चाचे आकडे वहीच्या एका पानावर समोरासमोर मांडून आणले होते. एक आकडा हजारांत, दुसरा लाखांत, आणि लाखांच्या खाली बँकेच्या कर्जाचा हप्ता.

"दादा, इथली फी त काहीच नाही बाप्पा!" ती म्हणाली. "मग पुण्याले पाठवाचं कायले?"

फी कमी आहे हे निर्विवाद आहे. पण ती कमी का आहे, हे आम्हांला स्वतः विद्यार्थी असताना ठाऊक नव्हते. सरकारने स्वतः चालवलेले महाविद्यालय म्हणजे मुंबईचे, 1855 पासूनचे. वऱ्हाडात 'सरकारी' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ती महाविद्यालये वस्तुतः शिक्षणसंस्थांची; सरकार अनुदान देते इतकेच. तेही सुखासुखी मिळालेले नाही. इतर व्यावसायिक शाखांना अनुदान द्यायचे आणि मान्यताप्राप्त खाजगी विधी महाविद्यालयांना वगळायचे, हे राज्याचे धोरण न्यायालयात गेले. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ते भेदभावाचे ठरवले. त्या निकालातला युक्तिवाद आम्हांला आजही विलक्षण वाटतो. गरिबाला मोफत कायदेशीर साहाय्य देण्याची दिशा घटनेच्या अनुच्छेद 39-अ ने दाखवली आहे. ते साहाय्य द्यायचे तर चांगले शिकलेले वकील हवेत. आणि असे वकील हवेत तर त्यांना घडवणारी महाविद्यालये पैशाअभावी मोडकळीला येऊ देता येणार नाहीत. म्हणजे भाचीच्या फीची पावती लहान राहते ती दर्यापूर-अकोटकडच्या एखाद्या अनोळखी पक्षकाराच्या नावावर.

1995 साली आम्ही वऱ्हाडातल्याच एका विधी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. हा निकाल आमच्या वर्गात कुणी वाचून दाखवला नाही. सकाळी तीन तास असत आणि त्या तीन तासांत गुरुजन टिपणे सांगत, आम्ही ती उतरवून घेत असू. ग्रंथालयातील निकालपत्रांचे खंड कुलूपबंद कपाटात सोनेरी अक्षरांनी झळकत. किल्ली ज्यांच्याकडे असे ते गृहस्थ बहुधा रजेवर असत. परीक्षेच्या आधी महिनाभर बाजारात गाईड येई आणि त्यावर आमच्यापैकी निम्मे कायदेपंडित होत. महाविद्यालयाचे नाव आम्ही घेत नाही. त्या काळी ही तऱ्हा एकाच ठिकाणची नव्हती.

आता नियम कडक आहेत. वकील परिषदेच्या 2008 च्या नियमांनी सत्तर टक्के उपस्थिती घातली आहे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची प्रत्यक्ष उमेदवारी सांगितली आहे. नोकरी सांभाळून सावकाश एल.एल.बी. करू, हा जुना वऱ्हाडी बेत त्यामुळे कागदावर तरी बसत नाही. मात्र ही उमेदवारी कुठे आणि कशी केली, हे प्रमाणपत्रावरून समजत नाही. सही-शिक्क्याचे बारा आठवडे आणि खरोखरीचे बारा आठवडे यांतला फरक पुढे तीन वर्षांनी, उलटतपासाला उभे राहिल्यावर उमगतो. आणखी एक सूचना : एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. प्रवेश नेमका कोणत्या तुकडीत होतो आहे, हे कार्यालयाच्या खिडकीवर विचारून घ्यावे. पाटीवरून ते कळत नाही.

भाचीने विचारले, "मामा, मग तिथं शिकायला काय मिळते?"

मिळते ते असे, की जिल्हा न्यायालय पायी चालत जाण्याच्या अंतरावर असते. ही गोष्ट माहितीपत्रकात छापता येत नाही म्हणून तिची किंमत कमी होत नाही. आम्हांला संपत्ती हस्तांतरण कायदा समजला तो वर्गात नव्हे, तर एका म्हाताऱ्या दस्तलेखकाच्या टेबलाशी बसून. धुऱ्यावरून दोन भावांचे वीस वर्षे चाललेले भांडण, वहिवाटीची पांदण नांगरून टाकलेला शेजारी, बहिणीचा हक्कसोड लेख कुणी कधी लिहून घेतला याची साक्ष : वऱ्हाडातला कायदा अशा वेशात हिंडतो. रस्ता अडवल्याची तक्रार 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे न्यायची की जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागायचा, हे न समजता चुकीच्या दाराशी वर्षे घालवलेले शेतकरी आम्ही पाहिले आहेत. 2014 च्या सावकारी कायद्याने तर जिल्हा उपनिबंधकाला एक मोठा अधिकार दिला : सावकारीच्या व्यवहारातून गिळलेली जमीन, खरेदीखत झालेले असले तरी, चौकशीअंती मूळ मालकाला परत देवविण्याचा. असा अर्ज नीट लिहू शकणाऱ्या वकिलाची गरज पुण्यापेक्षा अंजनगाव-तेल्हाऱ्याला अधिक आहे.

भाषेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आमची भाकरीच त्यावर आहे. 1998 पासून राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची इंग्रजी. दावा अकोल्यात मराठीत चालतो आणि अपिलात नागपूरला पोचला की इंग्रजी होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आपण कुठेतरी उणे आहोत असे उगाच वाटत राहते. अमरावतीत जन्मून तिथेच मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई 14 मे 2025 रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले तेव्हा अशा कित्येकांना हायसे वाटले असेल. तरी आम्ही भाचीला एवढेच म्हटले की मराठीची लाज सोड, पण इंग्रजीची सबबही सोड. रोज एक निकाल मुळातून, कोश जवळ घेऊन वाचायचा. आम्ही हे पदवीनंतर सुरू केले आणि ती दिरंगाई आम्हांला महागात पडली.

एके काळी इथल्या माणसाला कायदा शिकायला फार दूर जावे लागे. दादासाहेब खापर्ड्यांना मुंबई गाठावी लागली, पंजाबराव देशमुखांना विलायत. आज तोच कायदा बडनेऱ्याला उतरून शहर बसने गाठता येतो. परंतु खापर्डे-मुधोळकरांची वकिली डोळ्यांपुढे ठेवून आपल्या लेकराला काळा कोट शिवणाऱ्या आईबापांना एक हिशेब कुणी सांगत नाही, आणि बहिणीच्या वहीतही नेमका तोच नव्हता.

ती खालच्या बाजूची कोरी जागा आम्ही तिला दाखवली. पदवीनंतरची तीन वर्षे तिथे लिहायची होती.

आमच्या वर्गात दर्यापूरकडचा एक मुलगा होता. आई मजुरीला जाई. टिपणे न उतरवता सरांना प्रश्न विचारणारा तो एकटा. वकिली खरी कुणाला शोभली असती तर त्याला. सनद मिळाल्यावर तो एका नामवंत वकिलाच्या कार्यालयात रुजू झाला. सकाळी फायली लावणे, दिवसभर तारखा घेणे, रात्री तगाद्याच्या नोटिसा लिहिणे. मोबदल्यात चहा आणि एसटीचे भाडे. आठ महिन्यांनी त्याने कोट घडी करून ठेवला आणि सरकारी कारकुनीच्या परीक्षेला बसला. त्याची फी माफ होती, पुस्तके समाजकल्याणची होती, वसतिगृह होते. पदवीपर्यंत त्याला कुठेही अडले नाही. अडले ते पदवीनंतर, कारण तिथे कुठलीच योजना नव्हती.

आम्ही त्याच्यापेक्षा अधिक टिकलो, याचे श्रेय आमच्या बुद्धीला नाही. वडिलांची बारा एकर कोरडवाहू होती, म्हणून तीन वर्षे निघाली. पुढे कापूस एकाधिकार खरेदीत घातल्यावर चुकारे लांबत गेले आणि सन 2000 च्या दिवाळीला वडिलांनी काही न बोलता आमच्यापुढे दुकानदाराची उधारीची वही ठेवली. आम्ही उठून नागपूरला गेलो आणि दर पानामागे पैसे देणारे भाषांतराचे काम धरले. ते तात्पुरते होते.

तेव्हापासून काही गोष्टी सुधारल्या आहेत, हे प्रांजळपणे सांगायला हवे. सनदेसाठी पूर्वी राज्य परिषदा हजारोंनी रक्कम घेत. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायद्यातल्या आकड्यावर आणली : सर्वसाधारण उमेदवाराला एकूण 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125. अखिल भारतीय वकील परीक्षा मराठीतूनही देता येते. वकील परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. सुचवले, असेच म्हणावे लागते. त्यात सक्ती नाही, आणि आमच्या ओळखीच्या एकाही सीनियरच्या टेबलावर हे परिपत्रक आम्हांला दिसले नाही.

उलट एक दार अरुंद झाले. पदवी घेऊन लगेच न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसायचे, या बेतावर वऱ्हाडातली कितीतरी मुले-मुली विधी शाखेकडे येत. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाशिवाय न्यायासनावर बसू नये, हे आम्हांला तत्त्वतः मान्य आहे. पण ती तीन वर्षे कोण पोसणार, हा दर्यापूरच्या त्या मुलाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

हे सर्व ऐकून बहीण बराच वेळ गप्प बसली. भाचीने मात्र थेट विचारले, "मामा, तुम्हाले पश्चात्ताप होते का?"

आम्ही म्हटले, वकिली शिकल्याचा नाही. सोडल्याचा, होय, अधूनमधून होतो. कागद भाषांतराला येतात तेव्हा वादीच्या वकिलाने कोणता मुद्दा सोडला ते दिसते, आणि आपल्या हाती फक्त क्रियापदे असतात. तिला ते कितपत कळले कोण जाणे. तिने पुढचा प्रश्न व्यवहाराचा विचारला : सीनियर कसा निवडायचा? आम्ही सांगितले की पदवीची वाट पाहू नको, पहिल्याच वर्षी दुपारी न्यायालयात जाऊन बस. ज्याच्या कनिष्ठांना स्वतः उभे राहून बोलायला मिळते तो वकील हेरून ठेव. त्याच्या कार्यालयात आधीपासून एखादी मुलगी टिकून आहे का तेही पाहा, आणि ती दिवे लागल्यावर घरी कशी जाते हे तिलाच विचार.

संध्याकाळच्या गाडीने दोघी परतल्या. आठवड्याने बहिणीचा फोन आला. अमरावतीची जागा घ्यायची ठरले होते. पुण्यासाठी जो हप्ता भरायची तिची मनाची तयारी झाली होती, त्याच्या निम्म्या रकमेचे आवर्ती खाते तिने मूर्तिजापूरच्या पोस्टात मुलीच्या नावाने उघडले होते. पदवी होईतो हात लावायचा नाही. पोस्टमास्तरने मुलीच्या लग्नासाठी का, असे विचारले म्हणे.

"मंग तू काय म्हटलं?" आम्ही विचारले.

"काई नाही," बहीण म्हणाली. "हो म्हटलं. त्याले कोन समजावत बसते?"