राजधानीच्या पायथ्याचं गाव

रायगडाच्या सनावळ्या महाड-पोलादपूरकडची मुलं घडाघडा म्हणतात. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी घेतली, ६ जून १६७४ रोजी तिथे राज्याभिषेक झाला आणि १६८९ मध्ये गड मुघलांकडे गेला. म्हणजे राज्याभिषेकानंतर ही राजधानी अवघी पंधरा वर्षं नांदली. पुढे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वरचे वाडे जाळले.

गडाखालचं महाड मात्र टिकलं. गंधारपाल्याची बौद्ध लेणी तर राजधानीच्या कितीतरी शतकं आधीची. पोलादपूरवरून येणारी सावित्री महाडपुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. त्या खाडीतून गलबतं वर येत, घाटावरचा माल इथे उतरे. बाजारपेठ होती, म्हणून वस्ती होती. आणि वस्तीत आपलेही मोहल्ले होते.

वर्गात हा इतिहास शिकवताना एखादं पोर विचारतंच, "सर, यात आपण कुठे आहोत?" मी त्याला गडावर नाही, चवदार तळ्यावर नेतो.

या तळ्याचं पाणी सवर्ण हिंदू भरत, मुसलमानही भरत. बंदी होती ती फक्त अस्पृश्यांना. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला, तरी तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच डिसेंबरातल्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडलं.

फत्तेखानांचं नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याआधीची वर्षानुवर्षं आपले घडे त्याच तळ्यावर भरत होते आणि शेजारी कोण भरू शकत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. ही दोन्ही वाक्यं मी मुलांना एकाच पानावर लिहायला लावतो. "आपण कुठे आहोत" याचं खरं उत्तर त्या दोन्हींत मिळून आहे. आज आपल्या विहिरीवर, आपल्या दस्तरख्वानवर कोण येत नाही, हे बघायची सवय त्यांना लागली, तर सनावळी पाठ केल्याचं चीज झालं म्हणायचं.