लेपाआधी तपास

चि. श्रीधर यास,

पावसाळा तोंडावर आल्यामुळे अण्णांच्या फियाटला खालून काळा लेप देऊन घेण्याची तजवीज तू केली आहेस, असे तुझ्या पत्रावरून समजले. वडिलांची गाडी जतन करण्याविषयीची तुझी आस्था स्तुत्यच आहे. परंतु मालवणसारख्या समुद्रकाठी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेक पाइपांना लेप देण्यापूर्वी त्यांचा कसून तपास व्हावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

ही पोलादी नळी बाहेरून दीड सूत भरते, आणि तिच्या भिंतीची जाडी पाऊण मिलिमीटरही नसते. त्यातून तुझ्या जुन्या फियाट ११०० मध्ये मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांना जाणारा तेलाचा मार्ग एकच असल्यामुळे, एखाद्या नळीला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी चारही चाके पायातल्या ब्रेकला पारखी होतात आणि सारी मदार तारेने ओढल्या जाणाऱ्या हँडब्रेकवर येऊन पडते.

नळीवर बसलेले मीठ हवेतील ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस नसतानाही तिचा पृष्ठभाग पुरता वाळत नाही. तथापि उघड्या भागावरील तांबूस थर पाहून जेवढी भीती वाटते, त्याहून अधिक अनर्थ क्लिपांखाली, जेथे चिखल अडकून राहतो तेथे, संथपणे चाललेला असतो. अशा जागी खड्डे पडू लागल्यावर लेप दिला, तर मीठ आणि ओल आतच कोंडली जाऊन संरक्षणाच्या नावाखाली दोष मात्र फिटरच्या दृष्टीआड होतो.

शिवाय लेप बाहेरचा. आतल्या गंजावर त्याची मात्रा चालत नाही. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल रबरी होजांमधून आणि डब्याच्या झाकणातून हवेतील पाणी शोषत असते. त्यातील गंजरोधक द्रव्ये कालांतराने क्षीण होतात, आणि ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असलेला डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू पाणी मुरल्यावर १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेव्हा दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलण्यात हयगय नसावी.

तूर्त गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन वाळू दे आणि क्लिपा सोडवून प्रत्येक नळी पुसून पाहा. खड्डे दिसतील ती नळी घासून चकचकीत करू नये, कारण घासण्याने भिंत आणखी झिजते. तिला डाग किंवा जोड न देता ती सबंध बदलावी. मिळाल्यास तांबे-निकेल मिश्रधातूची घे. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७० च्या दशकातच तिचा अवलंब केला आहे. नुसत्या तांब्याची मात्र नको, ती हादऱ्यांनी कठीण होऊन तडकते. निर्दोष ठरलेल्या नळ्यांना मेण किंवा लॅनोलिनयुक्त लेप अवश्य द्यावा. मात्र तो होजांना व ड्रमला लागू देऊ नये.

हे सर्व होईपर्यंत आंबोलीचा घाट उतरण्याचा बेत तहकूब ठेव. फिटर ‘अजून चालेल’ म्हणाला, तर नळी क्लिपेतून सोडवून तुला दाखवण्यास त्याला सांग, आणि त्यानंतरच त्याचा शब्द प्रमाण मान.

कळावे.

तुझा,
काका